आरोग्य समितीच्या बैठकीला कोण जाणार?



डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या अडीचशेच्या आसपास नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बहुतेक गावांत तीन-चार वर्षे निवडून आलेले कोणीच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते आणि गटाराची तक्रार घेऊन जायचे कुणाकडे, हा प्रश्नच होता. आता सभागृहे पुन्हा भरली आहेत आणि २०११ मध्ये राखीव जागा निम्म्यावर नेल्यामुळे त्यांतल्या किमान अर्ध्या खुर्च्यांवर बायका आहेत. १९९० मध्ये महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या, तेव्हा ‘बायकांना त्यातले काय कळते?’ असे म्हणणारे पुष्कळ होते. आज तो प्रश्न उघडपणे कुणी विचारत नाही. पण निवडणूक संपल्यावर समित्यांचे वाटप होते, तेव्हा तोच प्रश्न निराळ्या वेषात परत येतो.

आम्ही ज्या गावांत काम करतो तिथे बांधकाम समितीसाठी रस्सीखेच होते, पाणीपुरवठ्यासाठी होते. महिला व बालकल्याण समिती ‘ही तुमचीच’ म्हणून बाईच्या हाती दिली जाते. आणि स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य समिती ज्याला दुसरे काही मिळाले नाही त्याच्याकडे जाते. कचरा, गटार, मेलेली जनावरे, डासांची फवारणी असली कामे. त्यांत मान नाही, आणि घंटागाडीचा ठेका सोडला तर ‘मलई’ही नाही. अगदी लहान गावांत अशी वेगळी समिती नसतेच, तिथे हे विषय स्थायी समितीत किंवा सर्वसाधारण सभेत येतात आणि विषयपत्रिकेच्या तळाशी राहतात.

आमचे म्हणणे असे, की लहान गावातल्या बाईच्या जगण्यामरण्याचे सर्वांत अधिक निर्णय याच दुर्लक्षित समितीपाशी येऊन थांबतात. आपला मोर्चा पोलीस ठाण्यावर जातो, तहसीलवर जातो, गरज पडली तर मंत्रालयावर जातो. तो जायलाच हवा. त्याबरोबर नगरपरिषदेच्या आरोग्य समितीच्या बैठकीवरही आपली नजर हवी.

या समितीचे काम म्हणजे काय? महाराष्ट्र नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. पिण्याचे पाणी, रस्त्यांची झाडलोट, गटारे, सार्वजनिक शौचालये, लसीकरण, दवाखाने आणि जन्ममृत्यूची नोंद ही त्या कायद्याने नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये ठरवली आहेत. आवश्यक म्हणजे पैसे उरले तर करायची नव्हेत, आधी करायची. १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय शहरी स्थानिक संस्थांच्या यादीत आला. म्हणजे हे काम राज्य सरकारने मेहेरबानी करून दिलेले नाही. ते गावाचे आहे, आणि गावात निम्म्या आपण आहोत.

पाण्यापासून सुरुवात करू. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या कितीतरी गावांत नळाला चार दिवसांनी, आठ दिवसांनी पाणी येते. मग घरातली बाई पिंप, हंडे, टाकी, बादल्या जे मिळेल ते भरून ठेवते. डेंग्यूचा डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात रुग्ण वाढले की नगरपरिषदेची रिक्षा भोंगा लावून फिरते : ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी घासूनपुसून ठेवा.’ सल्ला शास्त्रीय आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आठ दिवसांनी पाणी देणाऱ्याने ‘भांडी रिकामी ठेवा’ असे सांगायचे आणि डेंग्यू झाला की बाईच्या निष्काळजीपणावर बोट ठेवायचे, हा कुठला न्याय? पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक आणि डेंग्यूच्या रुग्णांची यादी एकाच टेबलावर कधी ठेवली जाते का? ती ठेवायला लावणे हे आरोग्य समितीचे काम आहे. तसेच पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते की नाही, हे टाकीपाशी पाहून कळत नाही. ओटी टेस्ट नळाच्या शेवटच्या टोकाला करावी लागते, आणि बहुतेक गावांत शेवटचे टोक म्हणजे दलित वस्ती, भटक्यांची पाले किंवा नवी झोपडपट्टी असते. चाचणी कुठल्या गल्लीत केली, हे अहवालात लिहायला सांगणे एवढी साधी गोष्टसुद्धा आजार रोखू शकते.

दुसरी गोष्ट शौचालयाची. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालली आणि सार्वजनिक ठिकाणी बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुतारी हवी, हा प्रश्न मोकळेपणाने बोलला जाऊ लागला. लहान गावात तो अजून कुजबुजीतच आहे. आठवडी बाजाराला पहाटे भाजीची पाटी घेऊन आलेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण प्यायले तर जायचे कुठे? मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन ती दवाखान्यात जाते. डॉक्टर गोळ्या देतात आणि ‘भरपूर पाणी पीत जा’ म्हणतात. पुरुषांसाठी भिंत असते, बायकांसाठी कुलूप असते, आणि कुलपाची चावी कुणाकडे असते हे कुणालाच ठाऊक नसते. बाजार नगरपरिषदेचा, बाजारात बसणाऱ्यांकडून पावती फाडून पैसे घेणारी नगरपरिषद. मग त्या पावतीच्या बदल्यात बाईला काय मिळते, हे विचारायला नको का?

तिसरी गोष्ट ज्या बाया हे गाव स्वच्छ ठेवतात त्यांची. पहाटे रस्ते झाडणाऱ्या बहुसंख्य बायका दलित जातींतल्या आहेत. एकेकाळी त्या नगरपालिकेच्या कायम नोकर होत्या, आता बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराच्या हाताखाली आहेत. हजेरी मुकादम लावतो, पगार ठेकेदार देतो, आणि तक्रार केली तर दोघेही ‘नगरपरिषदेला विचारा’ म्हणतात. हातमोजे, गमबूट, साबण, कपडे बदलायला आडोसा, बाळंतपणाची रजा, भविष्य निर्वाह निधी यांतले किती त्यांना मिळते? हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही २०१३ चाच, आणि तो ठेक्यावरच्या बाईलाही लागू आहे. मुकादमाच्या वागण्याची तक्रार कुठे करायची, हे तिला कुणी सांगितले आहे का? गावाचे आरोग्य जिच्या पाठीवर उभे आहे, तिच्या आरोग्याचा विषय आरोग्य समितीत येत नसेल, तर समितीच्या नावातला ‘आरोग्य’ हा शब्द कुणासाठी आहे?

आता ज्यासाठी आम्ही हा अग्रलेख मुख्यत्वे लिहीत आहोत त्या गोष्टीकडे येतो. नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात दोन नोंदी असतात, जन्माची आणि मृत्यूची. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत तो कळवायचा असतो. आपण तिथे जातो ते दाखला काढायला. दाखला मिळाला की काम संपले. पण या नोंदींत गावातल्या बायकांची सगळी हकिगत पडलेली असते, फक्त तिची बेरीज कुणी करत नाही.

जन्माच्या नोंदीचा फॉर्म एकदा नीट वाचा. मूल मुलगा की मुलगी, एवढेच त्यात नसते. आईचे लग्नाच्या वेळचे वय, या बाळंतपणाच्या वेळचे वय, हे तिचे कितवे मूल, बाळंतपण कुठे झाले, साधे झाले की सिझेरियन, बाळाचे वजन किती, हे सारे विचारलेले असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. १९९१ मध्ये राज्याचा हाच आकडा ९४६ होता. जनगणनेचा आकडा दहा वर्षांनी येतो, आणि २०२१ ची जनगणना तर ठरल्या वेळी झालीच नाही. गावातली नोंद मात्र रोज होते. पहिल्या मुलांत मुली किती, दुसऱ्या-तिसऱ्या मुलांत किती, एवढे जरी वेगळे काढले तरी सोनोग्राफीच्या यंत्रामागे काय चालले आहे याचा अंदाज येतो. अर्थात लहान गावात वर्षाकाठी जन्म थोडे, त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून कुणावर आरोप करता येत नाही. चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र पाहावे लागतात. शिवाय जन्माची नोंद जिथे बाळंतपण होते तिथे होते. पहिलटकरीण माहेरी जाते, अडलेली बाई जिल्ह्याच्या गावी जाते. म्हणून नोंद कुठली, हे न पाहता आईचा राहता पत्ता पाहून आकडे मागायला हवेत.

मृत्यूच्या नोंदीचेही तेच, आणि तिथे हा मुद्दा अधिक गंभीर आहे. जळालेल्या बाईला तालुक्याच्या गावातून जिल्हा रुग्णालयात नेतात. तिथे ती जाते आणि मृत्यूची नोंदही तिथेच होते. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईचे तसेच. म्हणजे जी बाई आपल्या गल्लीत राहत होती, जिच्या किंकाळ्या शेजाऱ्यांनी ऐकल्या, ती आपल्या गावाच्या मृत्यूच्या नोंदीत नसतेच! गावाचा हिशेब स्वच्छ राहतो. आणि जिथे नोंद होते तिथे ‘स्टोव्हचा भडका’, ‘विहिरीत पाय घसरून’, ‘औषध समजून कीटकनाशक प्यायली’ अशी कारणे पुढे येतात. १९८० च्या दशकात आपल्या आधीच्या पिढीतल्या मैत्रिणी या कारणांवर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या, म्हणूनच १९८३ मध्ये कायदा बदलला आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद रीतीने मेलेल्या बाईची चौकशी व शवविच्छेदन यांची तरतूद झाली. २०२४ पासून नव्या संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले, तरतूद राहिली. पण सात वर्षे उलटून गेलेल्या बाईचे काय? तिची बेरीज कोण करणार?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूच्या नोंदीचा उतारा कुणालाही मागता येतो, पण त्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. एखाद्या बाईला कोणता आजार होता, तिने काय केले, हे चव्हाट्यावर आणायचा हक्क कुणाला नाही, आपल्यालाही नाही. पण नाव-पत्ता वगळून तयार केलेला गोषवारा मागायला हरकत नाही : गावात राहणाऱ्या १५ ते ४९ वयाच्या किती बाया वर्षभरात मेल्या, कोणत्या कारणाने मेल्या, किती जणी बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत मेल्या, किती जळून, किती बुडून, किती विषाने. समितीने जिल्ह्याच्या ठिकाणाहून हा गोषवारा मागवावा आणि दर तिमाहीला सभेत वाचावा. महाराष्ट्रात मातामृत्यू कमी झाले, २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ते ३३ होते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण सरासरीत आपली वस्ती दिसत नाही. ती दिसायची तर आपल्या गावाची बेरीज आपणच करायला हवी.

लहान वयात लग्न झालेल्या आयांच्या आकड्यांबाबत तर विशेष जपायला हवे. आकडे पोलिसांच्या हाती यादी म्हणून गेले तर बायका वय खोटे सांगतील, किंवा दवाखान्यातच येणार नाहीत. आपल्याला त्या मुलीला शिक्षा करायची नाही. तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न थांबवायचे आहे.

नोंदवहीच्या खिडकीपाशी आणखी एका बाईची अडवणूक होते, एकट्या आईची. ‘बापाचे नाव सांगा, नाहीतर दाखला मिळणार नाही’ असे आजही तिला ऐकवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की अविवाहित किंवा एकट्या आईने अर्ज केल्यास तिच्याकडून केवळ प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि जन्माचा दाखला द्यावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या दाखल्यापासून कितीतरी कामांना जन्माचा दाखला हाच पुरावा धरला जातो, त्यामुळे ही अडवणूक आता अधिकच महागात पडणारी आहे. बाळाचे नाव ठरले नसेल तरी जन्माची नोंद होते, आणि नाव बारा महिन्यांच्या आत विनामूल्य घालता येते. हे सारे मराठीत, मोठ्या अक्षरात त्या खिडकीवर लावून घेणे, हे एखाद्या संघटनेचे एका आठवड्याचे काम आहे.

दवाखान्याचा प्रश्न राहिलाच. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आले, पण ते मुख्यतः पन्नास हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी. त्याखालची गावे ग्रामीण अभियानात ठेवली गेली. म्हणजे आपले छोटे गाव कायद्याने शहर आणि आरोग्याच्या योजनेत खेडे. ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारचे, त्यामुळे नगरपरिषद म्हणते ‘आमच्याकडे नाही’. नागरी केंद्र नाही, त्यामुळे वस्तीत येणारी नर्स कोणत्या खात्याची, हेच कळत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. या बायकांचे रक्त तपासणार कोण, तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. आरोग्य समितीने ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना बैठकीला बोलवावे, रुग्ण कल्याण समितीत आपला आवाज असावा. स्त्री-डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असते, गर्भपाताची कायदेशीर सोय आहे की खासगीकडे पाठवतात, मार खाऊन आलेल्या बाईची नोंद कशी होते, हे प्रश्न तिथे विचारले जावेत.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, नगरसेविका तरी कुठे बोलतात? सही बाईची आणि बोलणे नवऱ्याचे, हे तर रोजच पाहतो. खरे आहे. पण नवरा गटारावर आणि ठेक्यावर बोलू शकतो. बाजारातल्या कुलूपबंद मुतारीवर, जळालेल्या बाईवर, बापाच्या नावासाठी परत पाठवलेल्या आईवर तो काय बोलणार? या विषयांवर नगरसेविकेला स्वतःच बोलावे लागते, आणि एकदा बोलली की दुसऱ्यांदा बोलणे सोपे जाते. तिच्या पाठीशी पाच-सहा जणींनी उभे राहायला हवे. सभेआधी तिच्याबरोबर विषयपत्रिका वाचावी, अर्ज लिहावा, आकडे जुळवून द्यावेत. पक्ष कोणता, हे नंतर पाहू.

आणखी एक शंका येईल. आरोग्याच्या नावाने घरात घुसणारी सत्ता बायकांना नवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारी तपासणीच्या नावाखाली बायकांची जी विटंबना झाली, तिच्याबद्दलचा संताप इतिहासात नोंदलेला आहे. पण त्याच साथीत सावित्रीबाई फुले यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. सार्वजनिक आरोग्य ही दंडुक्याने करायची गोष्ट नाही, हे सांगणारी परंपरा आपल्याच घरातली आहे. समितीत आपण नसलो तर मात्र दंडुकाच उरतो.

म्हणून येत्या तीन महिन्यांसाठी प्रत्येक गावातल्या संघटनेने एवढे करून पाहावे :

एक, आपल्या नगरपरिषदेत आरोग्य समिती आहे का, सभापती कोण, मागच्या बैठकांची इतिवृत्ते काय सांगतात, हे शोधावे. कुणी देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

दोन, जन्म आणि मृत्यूच्या नोंदींचा नावाविना गोषवारा, राहत्या पत्त्याप्रमाणे, दर तिमाहीला सभेपुढे ठेवण्याचा ठराव आणावा.

तीन, आठवडी बाजार आणि बसस्थानक इथल्या बायकांच्या शौचालयांची पाहणी करावी. चालू किती, कुलूपबंद किती, पाणी किती ठिकाणी, एवढेच लिहावे आणि निवेदनाला जोडावे.

चार, सफाई कामगार बायकांची एक बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या वस्तीत घ्यावी, आणि त्यांच्या मागण्या त्यांच्याच शब्दांत समितीपुढे मांडाव्यात.

हे काम मोर्च्यासारखे डोळ्यांत भरणारे नाही. त्याची बातमी येणार नाही, फोटो येणार नाही. दुपारच्या बैठकीत पंखा घरघरत असतो, निम्मे सभासद आलेले नसतात आणि स्वच्छता निरीक्षक घड्याळाकडे पाहत असतो. तिथे बसून एका बाईने ‘या तीन महिन्यांत आपल्या गावातल्या किती बाया मेल्या?’ असे विचारायचे आहे. उत्तर आले नाही तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचारायचे. उत्तर येईपर्यंत तो प्रश्न विषयपत्रिकेवरून उतरू द्यायचा नाही.

आपल्या गावात काय घडले, काय अडले, कोणता ठराव मंजूर झाला आणि कोणता हाणून पाडला गेला, ते आम्हांला जरूर कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी पाने राखून ठेवत आहोत.